सरासरी की त्या क्षणाचा आकडा? हवामानाचा डेटा निवडण्याची रीत

हवामानाचा डेटा उतरवून घ्यायला गेलं की एकाच गोष्टीचे दोन-तीन अवतार समोर येतात. एका फाइलमध्ये बरोबर १२ वाजताचं तापमान असतं, दुसरीत ११ ते १२ या तासाचं सरासरी तापमान, तिसरीत त्या तासातलं कमाल. तिन्हींच्या स्तंभाला नाव मात्र 'तापमान'च. बहुतेक जण हाताला आधी लागेल ती फाइल घेतात आणि कामाला लागतात.

तापमानाच्या बाबतीत हे बरेचदा खपून जातं. सूर्यप्रकाश, पाऊस आणि वारा यांच्या बाबतीत खपत नाही. पंचाईत अशी की चूक आरडाओरडा करत नाही. आलेख गुळगुळीत येतो, आकडे पटण्यासारखे दिसतात, प्रोग्राम कुठेही अडत नाही, आणि उत्तर चुकलेलं असतं. मग खापर फुटतं मॉडेलवर किंवा उपग्रहावर. खरा दोष असतो अर्ध्या तासाच्या सरकण्यात, किंवा आधी सरासरी काढून मग घन करण्यात.

या लेखात पुनर्विश्लेषण (जुनी मोजमापं मॉडेलमध्ये घालून तयार केलेला हवामानाचा सलग इतिहास), अंदाज-मॉडेल, हवामानबदलाची मॉडेलं आणि केंद्रांवरची मोजमापं, या सगळ्यांना लागू पडेल अशी निवडीची रीत दिली आहे. थोडंफार पायथॉन किंवा स्प्रेडशीट येत असेल तर पुरे.

आधी चार प्रकार ओळखा

तात्क्षणिक मूल्य म्हणजे टाइमस्टॅम्पच्या (नोंदीवरच्या वेळेच्या खुणेच्या) क्षणी जे होतं ते. सरासरी म्हणजे एका कालावधीची सरासरी. संचित मूल्य म्हणजे त्या कालावधीत साठलेली एकूण बेरीज: मिलिमीटरमधला पाऊस किंवा ज्यूलमधली ऊर्जा. चौथा प्रकार कमाल-किमान. सरासरी आणि संचित ही एकाच माहितीची दोन रूपं आहेत. कालावधीच्या सेकंदांनी भागलं की संचिताची सरासरी होते. त्यामुळे खरी निवड क्षण आणि कालावधी यांच्यात आहे.

युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए५ या पुनर्विश्लेषणात चारही प्रकार एकाच डेटासेटमध्ये भेटतात. १९४० पासूनचा ताशी डेटा, ग्रिड (पृथ्वी ज्या चौकटींत विभागतात ती जाळी) साधारण ३१ किलोमीटरची. त्यात २ मीटरवरचं तापमान, समुद्रसपाटीचा दाब, १० मीटरवरचा वारा हे तात्क्षणिक. एकूण पाऊस आणि जमिनीवर येणारा सौर किरणोत्सर्ग हे संचित, तेही टाइमस्टॅम्पच्या आधीच्या तासाचे. म्हणजे १२ वाजताच्या ओळीतला पाऊस ११ ते १२ मध्ये पडलेला असतो आणि त्याच ओळीतलं तापमान बरोबर १२ चं. शेजारी शेजारी बसलेले दोन आकडे वेगळ्या वेळेबद्दल बोलत असतात. यांखेरीज सरासरी दर देणारी वेगळी चलं आहेत, आणि वाऱ्याचा झोत व कमाल-किमान तापमान ही मागच्या नोंदीपासूनची टोकं आहेत.

असं का, याचं कारण भौतिक आहे. तापमान, दाब, आर्द्रता या 'स्थिती' आहेत. कुठल्याही क्षणी त्यांना मूल्य असतं. पाऊस, किरणोत्सर्ग, बाष्पीभवन हे 'प्रवाह' आहेत. किती वाहिलं हे कालावधीशिवाय सांगता येत नाही. बँकेच्या खात्यासारखं आहे: शिल्लक अमुक तारखेला इतकी असते, खर्च मात्र महिन्याचा असतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. मॉडेलचं 'तात्क्षणिक' मूल्य खऱ्या अर्थाने एका बिंदूचं, एका क्षणाचं नसतं. ते ग्रिडच्या एका चौकटीची अवकाशीय सरासरी असते. चौकट ३१ किलोमीटरची आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल तर तेवढी हवा मोजमापाच्या एखाद्या मनोऱ्यासमोरून जायला ३१०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ५२ मिनिटं लागतील. म्हणून मॉडेलच्या क्षणाच्या आकड्याचा स्वभाव मनोऱ्यावरच्या तासाभराच्या सरासरीशी जास्त जुळतो, दर सेकंदाच्या नोंदीशी नाही. मॉडेलचा ताशी तात्क्षणिक वारा घेऊन 'यात झोत का दिसत नाहीत' असं विचारणं व्यर्थ आहे.

पायरी १: तुमचा प्रश्न समीकरणात मांडा

डेटाचं पान उघडण्याआधी कागदावर लिहा की शेवटी कोणता आकडा हवा आहे आणि तो कोणत्या सूत्रातून येणार. यातून निम्मा निर्णय होतो.

एखाद्या घटनेचं चित्र हवं असेल, उदाहरणार्थ वादळाचं केंद्र कुठे होतं, दाब किती खाली गेला, आघाडी (थंड आणि उष्ण हवेमधली सीमा) कुठून सरकली, तर तात्क्षणिकच घ्या. ताशी २० किलोमीटर वेगाने सरकणारं वादळ सहा तासांत १२० किलोमीटर जातं. सहा तासांच्या सरासरीत ते लांबट, पुसट पट्ट्यासारखं दिसेल, आणि केंद्रातला दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. उपग्रहाच्या एका फेरीशी किंवा हवामान-फुग्याच्या नोंदीशी तुलना करायची असेल तरी तात्क्षणिकच, कारण समोरची नोंदही त्या क्षणाची आहे.

किती आलं, किती गेलं असा हिशेब असेल तर प्रवाहांची सरासरी किंवा बेरीज घ्या. पाणलोटात आलेला पाऊस, पॅनेलवर पडलेली ऊर्जा, समुद्राने सोडलेली उष्णता हे सगळं या गटात.

ताळेबंद जुळवायचा असेल, तर दोन्ही लागतात आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. हवेच्या स्तंभातल्या बाष्पातला बदल म्हणजे शेवटच्या क्षणाचं बाष्प वजा पहिल्या क्षणाचं बाष्प. हा फरक मधल्या कालावधीतलं बाष्पीभवन अधिक बाजूने आलेलं बाष्प वजा पाऊस, इतका असायला हवा. साठा दोन टोकांना तात्क्षणिक, प्रवाह मधल्या काळाचे सरासरी. साठ्याचीही सरासरी घेतली तर ताळेबंद कधीच बसणार नाही, आणि मग लोक उरलेल्या फरकाला 'मॉडेलची त्रुटी' असं नाव देऊन मोकळे होतात.

प्रदूषक किंवा धूळ कुठे वाहून गेली हे काढणारी मॉडेलंही अशीच मिश्र निवड करतात. जिओस-केम हे वातावरणीय रसायनाचं मॉडेल नासाच्या मेरा-२ या पुनर्विश्लेषणावर चालवतात तेव्हा वारा तीन तासांच्या सरासरीचा घेतात, आणि तापमान, आर्द्रता, पृष्ठभागाचा दाब मात्र तात्क्षणिक. वारा तीन तास हवा ढकलत असतो, म्हणून त्याची सरासरी. दाब म्हणजे स्तंभात हवा किती आहे याची मोजणी, म्हणून क्षणाची.

पायरी २: फाइल स्वतःबद्दल काय सांगते ते वाचा

नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचं एक फाइल-स्वरूप) असेल तर प्रत्येक चलासोबत 'सेल मेथड्स' हा गुणधर्म शोधा. तिथे वेळेपुढे 'पॉइंट' लिहिलं असेल तर तात्क्षणिक, 'मीन' असेल तर सरासरी, 'सम' म्हणजे बेरीज, 'मॅक्सिमम' म्हणजे कमाल. सोबत वेळेच्या सीमा देणारं चल असेल तर सोन्याहून पिवळं. त्यात कालावधीची सुरुवात आणि शेवट थेट लिहिलेले असतात. ग्रिब या दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलमध्ये हेच काम 'स्टेप टाइप' करतं: इन्स्टंट, अॅव्हरेज, अॅक्युम.

मेरा-२ मध्ये हे संचाच्या नावातच आहे. नाव 'आयएनएसटी' या अक्षरांनी सुरू झालं तर तात्क्षणिक, 'टीएव्हीजी'ने सुरू झालं तर सरासरी, आणि पुढचा अंक तासांचा. ताशी तात्क्षणिक संचाचे टाइमस्टॅम्प ००:००, ०१:०० असे, तर ताशी सरासरीचे ००:३०, ०१:३० असे, म्हणजे कालावधीच्या मध्यावर.

हवामानबदलाच्या सीएमआयपी६ मॉडेलांत फसगत जास्त होते. तिथल्या तीन तासांच्या एकाच टेबलात पृष्ठभागाजवळचं तापमान तात्क्षणिक असतं, तर पाऊस आणि सूर्यप्रकाश तीन तासांच्या सरासरीचे. त्यामुळे दोन्ही फाइलींतल्या वेळा दीड तासाने सरकलेल्या दिसतात. काही सॉफ्टवेअर त्या जुळवताना न जुळणाऱ्या ओळी गुपचूप टाकून देतं. डेटासेट रिकामा झाला तर निदान कळतं तरी. जवळची वेळ शोधून जोडणारी सोय वापरली असेल तर काहीच कळत नाही.

हा तपशील कुठेच लिहिलेला नसेल तर अंदाज बांधू नका. पायरी ६ मध्ये डेटाकडूनच तो वदवून घेण्याची युक्ती आहे.

पायरी ३: टाइमस्टॅम्प कालावधीच्या कोणत्या टोकाला आहे?

'१२:००' ही खूण तासाच्या सुरुवातीची, मध्याची किंवा शेवटची असू शकते. ईआरए५चे संचित आकडे शेवटाला, मेरा-२ची सरासरी मध्याला. इमारतींच्या ऊर्जागणितात आणि सौरप्रकल्पांत वापरली जाणारी टीएमवाय३ ही 'नमुना वर्षा'ची फाइल तर एकाच ओळीत दोन नियम पाळते: किरणोत्सर्ग त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा, तापमान व वारा त्या वेळेचे.

याचा सगळ्यात मोठा फटका सूर्यप्रकाशाला बसतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची. तासाच्या शेवटी खूण असलेली सरासरी घेऊन सूर्याचं स्थान त्या खुणेच्या वेळेसाठीच काढलं, तर सकाळी सूर्य खऱ्यापेक्षा वर मानला जातो आणि दुपारनंतर खऱ्यापेक्षा खाली. परिणामी रोजची सकाळ ढगाळ आणि रोजची दुपार कमालीची निरभ्र निघते. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या पॅनेलांची तुलना यातून उलटीपालटी होऊ शकते. उपाय सोपा आहे: सरासरी किरणोत्सर्गासाठी सूर्याचं स्थान कालावधीच्या मध्यासाठी काढा. ११ ते १२ ची सरासरी असेल तर ११:३० साठी.

सूर्योदयाचा तास मात्र हट्टी असतो. समजा सूर्य ६:४० ला उगवतो आणि आपल्याकडे ६ ते ७ ची सरासरी आहे. मध्य ६:३०, तेव्हा सूर्य क्षितिजाखाली. म्हणजे गणितानुसार रात्र, तरी किरणोत्सर्ग शून्य नाही. थेट किरणांचं प्रमाण काढताना क्षितिजसमांतर पृष्ठभागावरचा थेट भाग सूर्याच्या शिरोबिंदू-कोनाच्या (डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्यापर्यंतच्या कोनाच्या) कोज्येने, म्हणजे कोसाइनने, भागावा लागतो. कोज्या शून्याजवळ किंवा ऋण झाली की हजारोंचे किंवा उणे आकडे बाहेर पडतात. अशा तासासाठी उजेड असलेल्या भागाचा मध्य घ्या, इथे ६:५०. अधिक नेमकं हवं असेल तर त्या तासातल्या प्रत्येक मिनिटाची कोज्या काढून, ऋण असेल तिथे शून्य धरून, त्यांची सरासरी वापरा. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचे आकडे मी थेट किरणांच्या गणितातून सरळ वगळतो. त्यांत ऊर्जा थोडी आणि कटकट फार.

दिवसाची बेरीज करतानाही हीच भानगड. ईआरए५चा एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिवसाचा पाऊस म्हणजे ०१:०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ००:०० पर्यंतच्या २४ ओळी. पायथॉनच्या पँडाज लायब्ररीत दिवसानुसार गट करताना नेहमीची मांडणी ००:०० ते २३:०० असे गट पाडते, म्हणून 'क्लोज्ड' हा पर्याय 'राइट' ठेवा आणि 'लेबल' मात्र 'लेफ्ट'च राहू द्या. स्थानिक दिवस हवा असेल तर आधी खुणा स्थानिक वेळेत आणा, मग गट पाडा. स्थानिक वेळ यूटीसीपासून अर्ध्या तासाने हटलेली असेल तर ताशी संचित डेटातून मध्यरात्र नेमकी कापता येत नाही. कोणता तास कुणाच्या पदरात टाकला हे लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं.

पायरी ४: आधी गणित, मग सरासरी

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. सूत्र सरळ रेषेचं नसेल, म्हणजे त्यात वर्ग, घन, घातांक, गुणाकार किंवा 'अमुकपेक्षा जास्त असेल तर' अशी अट असेल, तर सरासरीचं सूत्र आणि सूत्राची सरासरी या वेगळ्या गोष्टी होतात.

वारा घ्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. निम्मा वेळ वारा सेकंदाला ४ मीटर आणि निम्मा वेळ १२ मीटर होता. सरासरी ८, तिचा घन ५१२. पण प्रत्येकाचा घन काढून सरासरी घेतली तर ६४ आणि १७२८ यांची सरासरी येते ८९६. खरी ऊर्जा ७५ टक्के जास्त. संपूर्ण वर्षाचा वारा रेले वितरण (कोणता वेग किती वेळा येतो हे सांगणारं एक सूत्र) पाळत असेल तर हे गुणोत्तर साधारण १.९१ इतकं येतं. म्हणजे वार्षिक सरासरी वेगावरून काढलेली ऊर्जा खरीच्या जेमतेम निम्मी. म्हणून पवनऊर्जेसाठी मासिक सरासरी वेग हा जागा चाळण्यापुरता ठीक, उत्पादन काढायला नाही. ताशी किंवा १० मिनिटांची मालिका घ्या, प्रत्येक नोंदीची वीज टर्बाइनच्या वेग-वीज वक्रातून काढा, मग बेरीज करा.

आर्द्रतेत असाच फटका बसतो, फक्त तो कमी दिसतो. हवेची बाष्प धरण्याची कमाल क्षमता तापमानासोबत वेगाने वाढते. २० अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे २.३४ किलोपास्कल, ३६ अंशांना ५.९४. या दोघांची सरासरी ४.१४. पण आधी तापमानाची सरासरी काढली, म्हणजे २८ अंश, तर दाब येतो ३.७८. हवेतल्या प्रत्यक्ष बाष्पाचा दाब २.३४ असेल तर तूट (संपृक्त दाब वजा प्रत्यक्ष दाब) एका रीतीने १.८०, दुसऱ्या रीतीने १.४४. पिकाच्या पाण्याच्या हिशेबात हा फरक लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८च्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेत म्हणूनच दिवसाचा संपृक्त दाब कमाल आणि किमान तापमानांसाठी वेगवेगळा काढून मग त्यांची सरासरी घ्यायला सांगितलं आहे.

वाऱ्याच्या दिशेबद्दल तर बोलायलाच नको. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचेच. अंकांची सरासरी १८०, म्हणजे चक्क दक्षिण. दिशेची सरासरी नेहमी पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर घटकांतून काढा. पण मग वेगाचं काय? किनाऱ्यावर निम्मा दिवस समुद्राकडून ५ मीटर आणि निम्मा दिवस जमिनीकडून ५ मीटर वारा वाहिला तर घटकांची सरासरी शून्य येते, वेगाची ५. हवा शेवटी किती सरकली असा प्रश्न असेल तर शून्य बरोबर. पवनचक्की किती फिरली असा प्रश्न असेल तर ५. मासिक सरासरीच्या फाइलमधून घटक घेऊन वेग काढणं ही हमखास होणारी चूक आहे. ईआरए५च्या मासिक संचात वेग वेगळं चल म्हणून दिला आहे तो याचसाठी.

सौरप्रकल्पातल्या इन्व्हर्टरचा प्रश्न अटीच्या प्रकारातला. इन्व्हर्टर एका मर्यादेवरची वीज कापून टाकतो. ढग ये-जा करत असतील तर तासाची सरासरी मर्यादेखाली राहते आणि नुकसान शून्य दिसतं. प्रत्यक्षात ऊन पडलेल्या मिनिटांत वीज कापली गेलेली असते. त्यातून ढगांच्या कडांवरून विखुरलेला उजेड थेट उन्हात मिसळला की काही क्षण किरणोत्सर्ग निरभ्र आकाशापेक्षाही वर जातो. ताशी सरासरीत याचा मागमूस राहत नाही. कापलेल्या विजेचा अंदाज हवा असेल तर मिनिटांच्या पातळीवरचा डेटा शोधा, किंवा ताशी डेटावरून काढलेलं नुकसान कमीच निघतं हे अहवालात स्पष्ट लिहा.

पावसाच्या तीव्रतेलाही हेच लागू. तीन तासांत ३० मिलिमीटर म्हणजे सरासरी ताशी १०. तो सगळा २० मिनिटांत कोसळला असेल तर ताशी ९०. नाल्याची रुंदी दुसऱ्या आकड्यावर ठरते.

पायरी ५: दोन नोंदींमधलं अंतर पुरेसं आहे का?

तात्क्षणिक डेटाची खरी कमजोरी इथे आहे. दोन क्षणांच्या मधे काय घडलं हे त्याला ठाऊक नसतं. सहा तासांनी एकदा घेतलेला पावसाचा तात्क्षणिक दर दिवसातले चार क्षण पाहतो. मधली सर आली नि गेली तरी पत्ता नाही. म्हणून पाऊस कधीही तात्क्षणिक दरातून जमवू नका, संचित घ्या.

याहून छुपी अडचण लयबद्ध बदलांची. वातावरणाचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. स्थानिक वेळेनुसार साधारण सकाळी १० आणि रात्री १० ला शिखर. उष्ण कटिबंधात हे फार ठळक दिसतं. बरोबर १२ तासांच्या अंतराने दोन नोंदी घेतल्या तर दोन्ही लाटेच्या त्याच टप्प्यावर पडतात, आणि दिवसाची सरासरी कायमची वर किंवा कायमची खाली येते. वर्षानुवर्षांचा डेटा जमवूनही ती सुधारत नाही. लाट पकडायची तर तिच्या आवर्तनात दोनपेक्षा जास्त नोंदी हव्यात, आणि आकार नीट दिसायला त्याहून बऱ्याच जास्त.

तापमानाला ताशी तात्क्षणिक नोंदी छान पुरतात. फक्त दिवसाचं कमाल हवं असेल तर २४ नोंदींतली सर्वांत मोठी घेऊ नका, शिखर दोन नोंदींच्या मधे निसटू शकतं. कमाल तापमानाचं वेगळं चल असेल तर ते घ्या.

केंद्रावरचा डेटा असेल तर 'तात्क्षणिक' म्हणून दिलेला आकडाही सरासरीच असतो हे विसरू नका. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार पृष्ठभागावरचा वारा १० मिनिटांच्या सरासरीचा आणि झोत ३ सेकंदांच्या सरासरीतला कमाल. चक्रीवादळांच्या वेगात तर देशागणिक नियम बदलतो: अमेरिकी संस्था १ मिनिटाची सरासरी देतात, भारतात ३ मिनिटांची, इतर अनेक ठिकाणी १० मिनिटांची. मोकळ्या समुद्रावर १ मिनिटाच्या वेगाला सुमारे ०.९३ ने गुणलं की १० मिनिटांच्या जवळ जाता येतं. दोन संस्थांची वादळं एकाच यादीत घालण्याआधी एवढं तरी करावं.

पायरी ६: बदल करा आणि मग तपासा

संचितावरून सरासरी काढणं सोपं. ईआरए५चा ताशी किरणोत्सर्ग ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये असतो. ३६०० ने भागला की वॅट प्रति चौरस मीटर. पण ९ किलोमीटर ग्रिडच्या ईआरए५-लँडला हाच नियम लावलात तर फसाल. तिथे बेरीज यूटीसी मध्यरात्रीपासून वाढत जाते, आणि ००:०० च्या ओळीत आदल्या पूर्ण दिवसाची बेरीज असते. लागोपाठच्या ओळींची वजाबाकी करा. ०१:०० ची ओळ मात्र तशीच ठेवा, कारण बेरीज तिथून नव्याने सुरू होते.

अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलमध्ये किरणोत्सर्गाची सरासरी सहा तासांच्या टप्प्याच्या सुरुवातीपासून मोजली जाते आणि दर सहा तासांनी नव्याने सुरू होते. दुसऱ्या तासाअखेरची सरासरी १५० आणि तिसऱ्या तासाअखेरची २०० वॅट असेल तर फक्त तिसऱ्या तासाची सरासरी म्हणजे ३ गुणिले २०० वजा २ गुणिले १५०, अर्थात ३००. अशा वजाबाकीत साठवणुकीतल्या पूर्णांकनामुळे कधीकधी किंचित ऋण आकडे येतात; ते शून्य धरा. मोठे ऋण आकडे आले तर टप्पा कुठे सुरू होतो हे तुम्ही चुकीचं धरलं आहे.

ईआरए५च्या मासिक सरासरीत पाऊस मीटर प्रति दिवस असा असतो. महिन्याचा एकूण पाऊस हवा तर महिन्यातल्या दिवसांनी गुणावं लागतं. 'मॉडेलमध्ये पाऊसच नाही' अशा तक्रारींचं हे एक ठरलेलं कारण.

तात्क्षणिकावरून सरासरी काढताना तासाच्या दोन्ही टोकांची सरासरी घेतली तर तापमान-दाबाला पुरते. उलट दिशेचा प्रवास, सरासरीवरून क्षण, खऱ्या अर्थाने शक्य नाही. जे पुसलं गेलं ते परत येत नाही. सरासरीच्या आकड्यांमधून सरळ रेषा ओढल्या तर शिखरं आणखी बसतात आणि मूळ सरासरीही राखली जात नाही. सूर्यप्रकाशात मात्र मधला मार्ग आहे. किरणोत्सर्गाला वातावरणाबाहेरच्या किरणोत्सर्गाने भागून निरभ्रतेचं गुणोत्तर काढा, ते गुणोत्तर वेळेत पसरवा, आणि प्रत्येक क्षणाच्या सूर्यस्थानाने पुन्हा गुणा. भूमितीने होणारा बदल नेमका कळतो, ढगांचा तेवढा अंदाज राहतो.

आता तपासणी. यासाठी सूर्याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. एक स्वच्छ, निरभ्र दिवस निवडा. आडव्या अक्षावर सूर्याची उंची, उभ्या अक्षावर किरणोत्सर्ग मांडा, आणि सकाळचे बिंदू एका रंगात, दुपारनंतरचे दुसऱ्या रंगात ठेवा. टाइमस्टॅम्प बरोबर धरला असेल तर दोन्ही रंग एकमेकांवर बसतात. मधे फट पडून वाटोळा फास दिसला तर वेळ सरकली आहे. सूर्यस्थानाची वेळ १५-१५ मिनिटांनी मागे-पुढे करून पाहा. जिथे फास मिटेल ती त्या डेटाची खरी वेळ. अर्धा तास मागे गेल्यावर मिटला तर ताशी सरासरी शेवटाला खूण केलेली, अर्धा तास पुढे गेल्यावर मिटला तर सुरुवातीला. सकाळी धुकं आणि दुपारी धूळ असेल तर थोडी फट खरी असू शकते, म्हणून एका दिवसावर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या ऋतूंतले काही दिवस पाहा.

दुसरी खूण सूर्योदयाच्या ओळीत सापडते. टाइमस्टॅम्पच्या वेळी सूर्य क्षितिजाच्या बराच खाली असूनही किरणोत्सर्ग शून्य नसेल, तर तो आकडा तात्क्षणिक असणं शक्य नाही. वाऱ्यासाठी आणि तापमानासाठी एवढी चोख परीक्षा नाही, पण त्याच ठिकाणची दोन मालिका ताडून पाहता येतात: तासाच्या सरासरीचे चढ-उतार क्षणांच्या मालिकेपेक्षा कमी असतात, आणि त्या तासाच्या नोंदवलेल्या कमालीपेक्षा कुठलाही आकडा वर जाता कामा नये.

काम संपवताना फाइलीत काय लिहावं

स्तंभाचं नाव नुसतं 'पाऊस' ठेवू नका. 'पाऊस, मिमी, संपणाऱ्या तासाचा, यूटीसी' असं ठेवा. नेटसीडीएफ लिहीत असाल तर सेल मेथड्स आणि वेळेच्या सीमा नव्याने भरा, कारण सरासरी काढल्यावर अनेक साधनं जुने गुणधर्म जसेच्या तसे पुढे ढकलतात आणि दिवसाच्या सरासरीवर 'पॉइंट' असा शिक्का राहून जातो. वजाबाकी करून बनवलेल्या प्रत्येक चलाजवळ मूळ चल आणि टप्प्याची लांबी लिहा. उतरवलेली मूळ फाइल निदान एका महिन्यापुरती तरी जपून ठेवा; फासाची परीक्षा पुन्हा करायची वेळ आली तर ती त्याच कच्च्या आकड्यांवर करावी लागते.